अजून न लिहिलेल्या संगीताची फर्माईश : विनारेटा सिंगर-पोलिन्याक यांच्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनारेटा सिंगर कोण होत्या?

शिवणयंत्रांच्या धंद्यात अमाप पैसा मिळवणारे अमेरिकी कारखानदार आयझॅक मेरिट सिंगर यांच्या त्या कन्या. त्यांचा जन्म ८ जानेवारी १८६५ रोजी न्यूयॉर्क राज्यातील याँकर्स येथे झाला आणि २६ नोव्हेंबर १९४३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मधल्या काळातले बहुतेक आयुष्य मात्र पॅरिसमध्ये गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युरोपीय संगीताचा इतिहास चाळताना स्ट्राविन्स्की, साती, फाया, पुलेंक, वाइल अशा संगीतकारांच्या स्वरलिपींच्या अर्पणपत्रिकांवर ‘प्रिन्सेस एदमों द पोलिन्याक’ हे नाव पुनःपुन्हा दिसते. ती प्रिन्सेस म्हणजे याच विनारेटा. पुस्तकांच्या सूचीत त्या कधी ‘सिंगर’खाली सापडतात, कधी ‘पोलिन्याक’खाली, त्यामुळे एकाच व्यक्तीला दोन व्यक्ती समजण्याची चूक अनेकांकडून होते.

त्यांच्याकडे इतका पैसा नेमका कोठून आला?

ज्या घरात कधीकाळी पायाने चालवायचे शिवणयंत्र होते, त्या घरातल्या माणसाला काळ्या लोखंडावरची सोनेरी ‘सिंगर’ ही अक्षरे वेगळी सांगावी लागत नाहीत. आयझॅक सिंगर यांनी शिवणयंत्राचा मूळ शोध लावला नव्हता. आधीच्या यंत्रांतील दोष काढून त्यांनी १८५१ मध्ये सुधारित यंत्राचे पेटंट घेतले. त्यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी पुढे हप्त्याने यंत्र विकण्याची पद्धत आणली, आणि खरे म्हणजे या दुसऱ्या गोष्टीनेच यंत्र सामान्य घरांत पोहोचले. आयझॅक हे मुळात फिरत्या नाटकमंडळीतले नट. पैसा आल्यावरही त्यांचा नाटकीपणा गेला नाही. वेगवेगळ्या स्त्रियांपासून त्यांना चोवीस अपत्ये झाली आणि विनारेटा त्यांपैकी विसाव्या. १८७० च्या सुमारास हे कुटुंब इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पेंटन येथे स्थायिक झाले. तेथे आयझॅक यांनी मोठा वाडा बांधायला घेतला, पण १८७५ मध्ये तो पुरा होण्याआधीच ते वारले. मागे राहिलेली मालमत्ता सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरची होती. विनारेटा तेव्हा दहा वर्षांच्या होत्या आणि त्या वाटणीतील त्यांचा हिस्सा कोणाच्याही मेहेरबानीवर अवलंबून नव्हता. पुढच्या साऱ्या कथेचा पाया येथे आहे. त्या काळात श्रीमंत घरातील बहुतेक स्त्रियांच्या हाती येणारा पैसा वडील, पती किंवा मुलगा यांच्या हातून येई. विनारेटांचा पैसा त्यांच्या स्वतःच्या नावावर होता आणि धनादेशावर सही त्यांची स्वतःची असे.

याच संदर्भात एक किस्सा सांगितला जातो. खरा असो वा रचलेला, तो त्यांच्या स्वभावाला शोभतो. वादाच्या भरात कोणीतरी त्यांना सुनावले की पोलिन्याक या नावापुढे सिंगर या नावाला काहीच किंमत नाही. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या की धनादेशाच्या तळाशी मात्र तसे नसते.

संगीताची ओढ त्यांना कधीपासून होती?

वडिलांच्या मृत्यूनंतर आई इझाबेला मुलांना घेऊन पॅरिसला परतली आणि तिने व्हिक्टर रूब्सेत या डच संगीतकाराशी दुसरा विवाह केला. या सावत्र वडिलांनी जुन्या इटालियन कारागिरांची, विशेषतः स्त्रादिवारीची, तंतुवाद्ये जमवली होती आणि घरात नेहमी वादन चाले. माणूस म्हणून ते कसेही असोत, त्या घरात वाढणाऱ्या मुलीचा कान मात्र तयार झाला. चौदाव्या वाढदिवसाला काय हवे असे विचारले असता तिने बेटोव्हनच्या ओपस १३१ (ओपस म्हणजे रचनाक्रमांक) या तंतुवाद्य-चौकडीचे घरी वादन मागितले. ही रचना सात भागांची, मध्ये न थांबता सुमारे चाळीस मिनिटे चालणारी असून बेटोव्हनच्या अखेरच्या काळातली आहे. त्या वेळी जाणकार मंडळींनाही ती अवघड वाटे. दागिने मागता येण्याजोग्या घरातील मुलीने ती मागावी, यातच पुढच्या आयुष्याचा अंदाज येतो. विनारेटा स्वतः पियानो आणि ऑर्गन उत्तम वाजवीत. पॅरिसमधील घरात त्यांनी काव्हाये-कोल या प्रसिद्ध कारागिराचा ऑर्गन बसवून घेतला होता. चित्रकलेचेही रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी आपली चित्रे प्रदर्शनांत मांडली होती.

त्या ‘प्रिन्सेस’ कशा झाल्या?

विवाहाने, तोही दुसऱ्या. १८८७ मध्ये प्रिन्स लुई द से-मोंबेलियार यांच्याशी झालेला पहिला विवाह पहिल्यापासून विस्कटलेला होता आणि १८९२ मध्ये चर्चने तो रद्दबातल ठरवला. डिसेंबर १८९३ मध्ये त्यांनी प्रिन्स एदमों द पोलिन्याक यांच्याशी लग्न केले. वधूचे वय अठ्ठावीस, वराचे एकोणसाठ. एदमों हे फ्रान्सचा राजा दहाव्या शार्लच्या पंतप्रधानांचे चिरंजीव. घराणे मोठे, खिसा रिकामा आणि जीव संगीतरचनेत गुंतलेला. त्यांचे आकर्षण पुरुषांकडे होते, विनारेटांचे स्त्रियांकडे, आणि दोघांनाही हे ठाऊक होते. अशा विवाहाकडे सोयीचा व्यवहार म्हणून पाहिले जाते आणि सुरुवात तशी झालीही असेल. परंतु संगीताच्या समान वेडातून त्या दोघांत जो जिव्हाळा निर्माण झाला, तसा अनेक ‘रीतसर’ संसारांतही आढळत नाही.

लग्नाआधीची एक गंमत लेखक मार्सेल प्रूस्त यांनी नोंदवली आहे. एका लिलावात क्लोद मोने यांचे हॉलंडमधील ट्युलिपच्या शेतांचे चित्र एदमों यांना फार आवडले होते, पण एका अमेरिकी बाईने चढी बोली लावून ते पळवले आणि एदमों यांनी तिच्या नावाने बोटे मोडली. पुढे त्याच बाईशी लग्न झाल्यावर ते चित्र आपसूक त्यांच्या घरात आले. १९०१ मध्ये एदमों यांचे निधन झाले. त्यानंतरची बेचाळीस वर्षे विनारेटांनी पुन्हा विवाह केला नाही आणि पतीच्या विस्मृतीत गेलेल्या रचना आपल्या मैफलींतून वाजवून घेण्याचा परिपाठ चालू ठेवला.

त्यांचा ‘सलॉन’ म्हणजे काय होते?

आपल्याकडे या शब्दाने केशकर्तनालय डोळ्यांपुढे येते, म्हणून खुलासा करणे बरे. फ्रेंच समाजात सलॉन म्हणजे एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीच्या, बहुधा स्त्रीच्या, दिवाणखान्यात ठरावीक दिवशी भरणारी निमंत्रितांची बैठक. अनेक सलॉनमध्ये संगीत हे गप्पांना तोंडी लावण्यापुरते असे. पोलिन्याक यांच्याकडे संगीत हेच मुख्य असे आणि बाकीचे सारे त्याच्या आगेमागे. पॅरिसच्या सोळाव्या विभागातील आव्हन्यू आंरी-मार्तँ या रस्त्यावर (आजचे नाव आव्हन्यू जॉर्ज-मांदेल) विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी आपले घर नव्याने बांधून घेतले. त्यात छोटा वाद्यवृंद बसू शकेल असे संगीतदालन होते आणि पुढे चित्रकार होजे-मारिया सेर्त यांच्याकडून त्याच्या भिंती रंगवून घेतल्या गेल्या. प्रूस्त यांनी १९०३ मध्ये ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात टोपणनावाने याच सलॉनवर लेख लिहिला होता. स्ट्राविन्स्की यांच्या ‘ईडिपस रेक्स’चा जाहीर प्रयोग ३० मे १९२७ रोजी झाला, त्याच्या आदल्या रात्री तो या दालनात पियानोच्या साथीने निमंत्रितांना ऐकवण्यात आला आणि पियानोवर स्वतः स्ट्राविन्स्की बसले होते.

संगीतकारांकडून रचना लिहवून घेण्याची पद्धत प्रत्यक्षात कशी होती?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण इतर धनवंत आश्रयदात्यांपासून विनारेटांना वेगळे करणारी गोष्ट येथेच सापडते.

आपल्या मैफलीत श्रोता फर्माईश करतो ती ओळखीच्या चिजेची. विनारेटांची फर्माईश अजून न लिहिलेल्या संगीताची असे. पहिल्या महायुद्धाच्या थोडे आधी त्यांनी असा विचार मांडला की वाग्नर आणि रिचर्ड स्ट्राउस यांच्या शंभर-शंभर वादकांच्या वाद्यवृंदांनंतर रसिकांना लहान, निवडक वाद्यमेळासाठी लिहिलेल्या रचनांची गोडी लागेल. म्हणून त्यांनी वीसच्या आसपास वादकांना पुरेल अशा छोट्या रचना एकामागून एक संगीतकारांवर सोपवण्यास प्रारंभ केला. हा विचार रसिकतेचा होता तसाच सोयीचाही. एवढेच वादक त्यांच्या दालनात मावत. पण सोय आणि द्रष्टेपण यांची गाठ कधीकधी अशी पडते. युद्धाने मोठे वाद्यवृंद विस्कळीत केले, पैसा आटला आणि सबंध युरोपचे संगीत खरोखरच लहान मेळांकडे वळले.

व्यवहार पत्राने ठरे. रकमेचा काही भाग आधी आणि उरलेला काम हाती आल्यावर मिळे. बदल्यात विनारेटांना अर्पण, हस्तलिखिताची प्रत आणि आपल्या घरी पहिले वादन करवून घेण्याचा हक्क मिळे. त्यानंतर रचना पुन्हा संगीतकाराची. त्यांनी प्रकाशनाचे हक्क स्वतःकडे ठेवले नाहीत किंवा रचना आपल्या कपाटात कुलूपबंद केल्या नाहीत, आणि त्यामुळेच त्या आज जगभर ऐकायला मिळतात. वाद्यांची संख्या, अंदाजे लांबी आणि कधीकधी विषय त्या सुचवीत. मात्र एकदा काम सोपवले की स्वरांमध्ये ढवळाढवळ करीत नसत. स्वतः वाजवणारी व्यक्ती असल्यामुळे आपण कोठे थांबायचे हे त्यांना कळत असावे, असे मला वाटते. नुसता पैसा असलेल्या माणसाला बहुधा हेच कळत नाही.

या पद्धतीतून नेहमी यशच आले असे नाही. फार पूर्वी, १८९१ च्या सुमारास, त्यांनी गाब्रिएल फोरे यांचे संगीत आणि कवी पॉल व्हर्लेन यांची संहिता अशी संगीतिका करण्याचा बेत आखला होता. व्हर्लेन कधी इस्पितळात, कधी मद्याच्या अमलात. फोरे बिचारे खेटे घालून थकले आणि संहिता कधी आलीच नाही. त्याच वर्षी फोरे त्यांचे पाहुणे म्हणून व्हेनिसला गेले असता व्हर्लेनच्याच कवितांवरील पाच गीतांचे काम तेथे सुरू झाले आणि ‘व्हेनिसची पाच गीते’ म्हणून ती विनारेटांना अर्पण करण्यात आली. हातची संगीतिका गेली, पण पदरात पडले तेही थोडे नव्हते.

त्यांनी लिहवून घेतलेल्या प्रमुख रचना कोणत्या?

सर्व रचनांची जंत्री देण्यापेक्षा तीन रचनांविषयी सविस्तर सांगणे अधिक उपयोगाचे होईल.

पहिली इगोर स्ट्राविन्स्की यांची ‘रनार’, म्हणजे कोल्हा. युद्धामुळे स्वित्झर्लंडमध्ये अडकलेल्या आणि रशियातून येणारे उत्पन्न आटलेल्या स्ट्राविन्स्कींवर हे काम १९१५ मध्ये सोपवण्यात आले व पुढच्या वर्षी ते पुरे झाले. रशियन लोककथांतील लबाड कोल्हा, कोंबडा, मांजर आणि बोकड यांची ही कथा. गायक चार, पण ते वाद्यवृंदात बसून गातात आणि रंगमंचावर नर्तक व कसरतपटू नुसत्या हालचाली करतात. गंमत म्हणजे ज्या दिवाणखान्यासाठी ही रचना मागवली, तेथे ती सादर झालीच नाही. तिचा पहिला प्रयोग १९२२ मध्ये पॅरिस ऑपेरात द्यागिलेव यांच्या ‘बाले रूस’ या नृत्यसंस्थेने केला.

दुसरी एरिक साती यांची ‘सोक्रात’, म्हणजे सॉक्रेटिस. विनारेटांना ग्रीक वाङ्मयाची आवड होती आणि प्लेटोच्या संवादांचे वाचन संगीताच्या साथीने व्हावे अशी त्यांची मूळ कल्पना होती. सातींनी वाचनाऐवजी गायन घेतले, फ्रेंच भाषांतरातील उतारे निवडले आणि सॉक्रेटिसाच्या मृत्यूपर्यंत जाणारी तीन भागांची रचना केली. तीत पुरुषांचे संवाद स्त्रियांच्या आवाजात येतात आणि सबंध संगीत विलक्षण संयत, जवळजवळ रंगहीन ठेवलेले आहे. विषप्राशनाच्या प्रसंगीही वाद्ये आक्रोश करीत नाहीत, एकाच संथ लयीत चालत राहतात. विदूषकी नावांच्या छोट्या रचनांसाठी प्रसिद्ध असलेल्या सातींनी हे लिहिले यावर अनेकांचा विश्वास बसला नाही आणि पहिल्या जाहीर प्रयोगाच्या वेळी काही श्रोते विनोद समजून हसले.

ही रचना चालू असतानाच साती तुरुंगात जायच्या बेतात होते, हेही सांगायला हवे. मे १९१७ मध्ये त्यांच्या ‘परेड’ या बॅलेवर टीका करणाऱ्या समीक्षकाला त्यांनी उघड्या पोस्टकार्डांवर शिव्या लिहून धाडल्या. पोस्टकार्ड कोणीही वाचू शकत असल्यामुळे ती जाहीर बदनामी ठरली आणि न्यायालयाने आठ दिवसांची कैद, दंड व नुकसानभरपाई अशी शिक्षा ठोठावली. भरपाईसाठी पैसे विनारेटांनी पुढे केले, आणि तुरुंगवास शेवटी टळला.

तिसरी रचना मान्वेल द फाया यांची ‘मासे पेद्रोचा बाहुल्यांचा खेळ’ (‘मासे’ म्हणजे स्पॅनिशमध्ये उस्ताद). १९१८ मध्ये सोपवलेले हे काम फाया यांनी सावकाश, घासूनपुसून १९२३ मध्ये पूर्ण केले. सेर्व्हान्तेसच्या ‘दोन किहोते’ या स्पॅनिश कादंबरीतील (‘दोन’ ही आदरार्थी उपाधी) एक प्रसंग त्यांनी घेतला आहे : एका खाणावळीत बाहुल्यांचा खेळ चालू असतो आणि प्रेक्षकांत बसलेल्या नायकाला, दोन किहोतेला, त्या खेळातील पळून जाणारे प्रेमी व त्यांचा पाठलाग करणारे शिपाई खरेच वाटू लागतात, अखेरीस तो तलवार उपसून बाहुल्यांची खांडोळी करतो. २५ जून १९२३ रोजी विनारेटांच्या दालनात हा खेळ रंगला तेव्हा बाहुल्यांतही दोन थर होते. खाणावळीतले प्रेक्षक म्हणजे मोठ्या बाहुल्या, आणि त्या पाहत असलेल्या खेळातील पात्रे म्हणजे लहान बाहुल्या. त्या साऱ्यांना पाहणारे तिसऱ्या थरातले प्रेक्षक म्हणजे रेशमी वस्त्रांतील पॅरिसचा उच्चभ्रू समाज. वाद्यवृंदात हार्प्सिकॉर्डवर, म्हणजे तारा छेडून वाजणाऱ्या, पियानोच्या आधीच्या पट्ट्यांच्या वाद्यावर, वांदा लांडोव्स्का होत्या. शंभराहून अधिक वर्षे अडगळीत गेलेल्या या वाद्याला नव्या संगीतात मानाचे स्थान देणाऱ्या पहिल्या रचनांपैकी ही एक आहे. त्या निमित्ताने लांडोव्स्कांशी ओळख झालेल्या तरुण फ्रान्सिस पुलेंक यांनी पुढे त्यांच्यासाठी हार्प्सिकॉर्डचा कॉन्चेर्टो (मुख्य वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) लिहिला. एका फर्माईशीतून दुसरी रचना अशी निघते, आणि हे कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही.

पुलेंक आणि त्यांचे संबंध कसे होते?

चांगले आणि फलदायी. १९०० मध्ये विनारेटांनी व्हेनिसच्या मुख्य कालव्यावरील एक जुना प्रासाद विकत घेतला होता. आज तो पालाझ्झो कोन्तारिनी-पोलिन्याक म्हणून ओळखला जातो. पुलेंक यांचा दोन पियानोंचा कॉन्चेर्टो त्यांनी लिहवून घेतला आणि ५ सप्टेंबर १९३२ रोजी तो व्हेनिसच्या संगीतमहोत्सवात पहिल्यांदा वाजला, तेव्हा पुलेंक आणि त्यांचे सहवादक झाक फेव्हरिये यांचा मुक्काम याच प्रासादात होता. ऑर्गन, तंतुवाद्ये आणि टिंपनी हे नगारे यांच्यासाठी लिहिलेला दुसरा कॉन्चेर्टो पुरा व्हायला मात्र चार वर्षे लागली. मधल्या काळात एका मित्राच्या अपघाती मृत्यूने पुलेंक हादरले, श्रद्धेकडे वळले आणि हलकेफुलके काही लिहायला निघालेल्या माणसाच्या हातून गंभीर, कधीकधी धडकी भरवणारी रचना उतरली. डिसेंबर १९३८ मध्ये ती विनारेटांच्या घरी प्रथम सादर झाली. ऑर्गनवर मोरिस द्युरुफ्ले आणि संचालनाला नादिया बूलांजे होत्या.

मोरिस राव्हेल यांची प्रसिद्ध ‘पाव्हान’ त्यांच्यासाठीच लिहिली गेली का?

नाही. १८९९ ची ‘दिवंगत राजकन्येसाठी पाव्हान’ (पाव्हान म्हणजे जुना संथ दरबारी नाच) ही विनारेटांना अर्पण केलेली आहे, परंतु ती त्यांनी मागवलेली नव्हती आणि शीर्षकातली राजकन्याही त्या नव्हेत. अर्पण आणि फर्माईश यांत बरीच गल्लत केली जाते.

स्त्री संगीतकारांना त्यांनी मदत केली का?

होय, आणि ती उपकाराच्या भावनेने नव्हे. जर्मेन तायफेर यांच्याकडून त्यांनी पियानो कॉन्चेर्टो लिहवून घेतला आणि इंग्रज संगीतकार एथेल स्मिथ यांच्या कार्याला पाठबळ दिले. परंतु सर्वांत दूरगामी साहाय्य नादिया बूलांजे यांना झाले. त्या काळात स्त्रीने वाद्यवृंदाचे संचालन करणे हा थट्टेचा विषय होता. १९३० च्या दशकात बूलांजे यांना विनारेटांच्या दालनात वादक, गायक, तालमीसाठी वेळ आणि जाणते श्रोते हे सारे नियमितपणे मिळाले. १९३७ मध्ये लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक सोसायटीच्या संपूर्ण मैफलीचे संचालन करणारी पहिली स्त्री म्हणून त्या उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा हात आधीच बसलेला होता.

निर्वासित कलावंतांशी त्यांचा संबंध आला का?

कुर्ट वाइल यांचे उदाहरण पुरेसे आहे. त्यांच्या दुसऱ्या सिम्फनीचे काम विनारेटांनी सोपवलेले होते आणि जानेवारी १९३३ मध्ये बर्लिनमध्ये त्याला प्रारंभ झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस हिटलर सत्तेवर आला. मार्चमध्ये ज्यू असलेल्या वाइल यांना जर्मनी सोडून फ्रान्सला यावे लागले. सिम्फनी १९३४ च्या आरंभी पूर्ण झाली आणि त्याच वर्षी ब्रूनो वाल्टर यांनी ती ॲमस्टरडॅममध्ये सादर केली.

संगीताबाहेर त्यांनी कोणती कामे केली?

चंडीगढमुळे आपल्या परिचयाचे झालेले वास्तुविशारद ल कोर्ब्युझिए यांच्याकडे विनारेटांनी आधी स्वतःसाठी घराचा आराखडा मागितला होता. ते घर बांधले गेले नाही. त्याऐवजी साल्वेशन आर्मी या गरिबांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेच्या पॅरिसमधील निवाऱ्यांसाठी त्यांनी मोठ्या देणग्या दिल्या आणि ते काम ल कोर्ब्युझिए यांच्याकडे गेले. त्यातून १९३३ मध्ये बेघरांसाठी ‘सिते द रफ्यूज’ ही काच आणि काँक्रीटची इमारत उभी राहिली; त्याआधी सेन नदीवरील एका जुन्या मालवाहू नौकेचे तरंगत्या रात्रनिवाऱ्यात रूपांतर झाले होते. ‘लुईझ-कातरीन’ नावाची ही नौका फेब्रुवारी २०१८ मध्ये पुरानंतर बुडाली आणि २०२० मध्ये पुन्हा वर काढण्यात आली. याखेरीज त्यांनी पॅरिसच्या तेराव्या विभागात कामगारांसाठी घरे बांधवली आणि पहिल्या महायुद्धात मेरी क्युरी यांच्याबरोबर खासगी मोटारींचे फिरत्या क्ष-किरण पथकांत रूपांतर करण्याच्या कार्यात भाग घेतला.

हे सारे म्हणजे श्रीमंतांची हौस नव्हती का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगरच्या अवाढव्य कारखान्यात १९११ मध्ये सुमारे दहा हजार कामगारांनी संप केला. कारण होते कमी मजुरीत अधिक काम लादण्याचे. संप मोडला आणि पुढाऱ्यांना कामावरून काढण्यात आले. विनारेटा कारखाना चालवीत नव्हत्या, पण त्यांचे उत्पन्न त्याच धंद्याच्या भांडवलातून आलेले होते. शिवाय त्यांच्या दालनात प्रवेश निमंत्रणानेच मिळे, आणि नवे संगीत प्रथम ऐकण्याचा मान ज्यांना मिळे त्यांतील अनेकांचे लक्ष शेजारणीच्या पोशाखाकडे अधिक असे.

दुसऱ्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्याच धंद्याच्या पैशावर इतर वारसदारांनी वाडे, घोडे आणि नौका घेतल्या. विनारेटांनी आपल्या वाट्यातील बराच मोठा भाग संगीतकाराला काही महिने उदरनिर्वाहाची चिंता न करता लिहू देण्यावर खर्च केला. मूळ प्रश्नाचे उत्तर त्याने मिळत नाही, पण दोन्ही खर्च एकाच तागडीत टाकणेही बरोबर नाही.

त्यांच्या खासगी आयुष्याविषयी काय ज्ञात आहे?

चित्रकार रोमेन ब्रुक्स, लेखिका व्हायोलेट ट्रेफ्यूसिस यांच्यासह अनेक स्त्रियांशी त्यांचे प्रेमसंबंध होते. त्यांनी ते मिरवले नाहीत आणि फारसे लपवलेही नाहीत. समकालीनांनी त्यांचे वर्णन करारी चेहऱ्याची, मितभाषी आणि काहीशी धाक वाटावा अशी स्त्री असे केले आहे.

त्यांच्या मागे काय उरले?

१९२८ मध्ये त्यांनी सिंगर-पोलिन्याक प्रतिष्ठानाची स्थापना केली. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्या इंग्लंडमध्ये होत्या आणि पॅरिसला परतणे पुढे शक्यच झाले नाही. इंग्लंडमधील टॉर्की येथील सिंगर कुटुंबाच्या दफनघरात पती एदमों यांच्याजवळ त्यांना चिरविश्रांती मिळाली. माने यांचे ‘वाचन’, मोने यांची ‘टर्की पक्षी’ आणि ट्युलिपच्या शेतांचे ते लिलावातले चित्र मृत्युपत्राद्वारे फ्रेंच राष्ट्राकडे गेले. आज ही चित्रे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. राहते घर प्रतिष्ठानाकडे आले आणि त्या संगीतदालनात आजही मैफली होतात.

नव्या श्रोत्याने ऐकण्याची सुरुवात कोठून करावी?

पाश्चात्त्य संगीताची सवय नसेल तर पुलेंक यांच्या दोन पियानोंच्या कॉन्चेर्टोपासून करावी. त्याचे तीन भाग मिळून वीसेक मिनिटांत संपतात. १९३१ च्या पॅरिसमधील वसाहत-प्रदर्शनात ऐकलेल्या बाली बेटावरील गामेलान वाद्यवृंदाची छाया पहिल्या भागाच्या शेवटी येते : दोन्ही पियानो अचानक मंद होतात आणि दुरून घंटा वाजाव्यात तसे तेच ते स्वर फिरत राहतात. त्यानंतरचा संथ भाग मोत्सार्टला वाहिलेला आहे. ‘सोक्रात’ मात्र दिवसाचे सारे काम आटोपल्यावर, मजकुराचे भाषांतर हाताशी घेऊन, एकट्याने ऐकावी.